परतवाड्याच्या बैलांची तपासणी

“पोरगी बोलत तं काही नाही, पन मांडीवर पिस्तूल घेऊन बसली हाय.”

अमरावतीहून परतवाड्याला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवरून हे आलं. बाईंनी कुजबुजतच म्हटलं होतं. पण वऱ्हाडातली कुजबूज म्हणजे आमच्या पुण्यातलं भाषण, त्यामुळे ते ड्रायव्हरपर्यंत पोचलं. त्याने आरशातून आधी माझ्याकडे, मग माझ्या मांडीकडे पाहिलं. कंडक्टर तिकिटांचं यंत्र छातीशी धरून आला.

“मॅडम, हे काय हाय?”

माझ्या मांडीवर उघड्या पेटीत जे होतं ते खरंच पिस्तुलासारखं दिसतं. मूठ आहे, चाप आहे, पुढे नळीच्या जागी चपटं नाक आहे. एखाद्या वस्तूवर ते नाक टेकवून चाप ओढला की काही सेकंदांत त्या वस्तूच्या रंगात शिसं किती आहे ते पडद्यावर दिसतं. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरतात. पण घाबरले की माझ्या तोंडून आधी इंग्रजी बाहेर पडतं, आणि ते ऐकून कंडक्टरचा संशय दुप्पट झाला.

पलीकडच्या सीटवर डुलक्या घेणारे सबनीस सर जागे झाले. सर माझे वरिष्ठ. “अहो, रंगातलं विष शोधायचं यंत्र आहे ते,” ते म्हणाले आणि पुन्हा झोपले. त्यांच्या बाजूने विषय संपला होता. माझ्या बाजूने तो सुरू झाला. आसेगाव येईपर्यंत माझ्यापुढे बांगड्या, डबा, ताईत, पाण्याची बाटली आणि एका आजोबांची नवी कवळी अशी रांग लागली. कवळी मी नम्रपणे परत केली. शेवटी मागच्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, “माह्या जावयाले लावून पाहा ना वो. लय विषारी हाय.”

“माणसांना लावायचं नसतं,” मी म्हणाले. वऱ्हाडात मी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

“मंग काय कामाचं?” बाई म्हणाल्या.

आम्ही कशाला निघालो होतो ते इथेच सांगून टाकते. धंद्यांमध्ये विषारी रसायनं किती आणि कशी वापरावीत याचे राज्याचे जुने नियम बदलायला घेतले आहेत. नव्या मसुद्यात म्हटलंय की प्रत्येक कारखान्याने आपण कोणती विषारी द्रव्यं वापरतो ते जाहीर करायचं, आणि त्यांच्या जागी दुसरं काय वापरता येईल याची योजना दरवर्षी द्यायची. मात्र दहापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्यांना यातून पूर्ण सूट. मसुदा अजून मसुदाच आहे, पण त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला ठिकठिकाणी सभा होत होत्या, आणि त्यातली एक अकोल्याला होती. आमची पुण्यातली छोटीशी संस्था अशा मसुद्यांवर टिपणं काढते. सभेत सर पाच मिनिटं बोलणार होते. ते बोलणार होते ते मी लिहिलं होतं, कारण आमच्याकडे कामाची वाटणी तशीच आहे. त्यात एक परिच्छेद मला फार आवडायचा. लहान उद्योजकांच्या खांद्यावर कागदांचं ओझं नको, सूट द्यावी हीच माणुसकी, अशा अर्थाचा. तो लिहिताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

सभेआधी एखादा असा लहान धंदा प्रत्यक्ष पाहावा, म्हणून परतवाडा.

परतवाडा, पहिला दिवस

शोभाताईंचं घर लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत आहे. पन्नाशीच्या, उंच, हातावर कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे. नवरा सुतार. फर्निचरवाल्यांकडून उरलेले तुकडे आणून तो बैल घडवतो आणि शोभाताई सात बायकांना घेऊन ते रंगवतात. पुण्यात पोळा म्हणजे आमच्याकडे मातीची इवलीशी जोडी पाटावर. इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर जातात, आणि लोक त्यांना खाऊ नाहीतर नाणी देतात. त्या देण्याला बोजारा म्हणतात. माझ्या लहानपणी मला कुणी सांगितलं असतं की खेळणं ओढत शेजाऱ्यांकडे गेलं की खाऊ मिळतो, तर माझा स्वभाव कदाचित वेगळा झाला असता.

“आधी जेवा, मंग बैल पाहा,” शोभाताई म्हणाल्या.

जेवायला रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. सोबत वांग्याची भाजी, जिच्यावरचं तेल लाल आणि शांत दिसत होतं. एका रोडग्यात माझं पोट भरलं. सरांनी मात्र आपण जन्माने नसलो तरी मनाने वऱ्हाडी आहोत असं जाहीर केलं. तिसऱ्या रोडग्याला ते “बस” म्हणाले.

“बसलेच तं हाय तुमी,” असं म्हणून शोभाताईंच्या सासूबाईंनी चौथा वाढला. सासूबाईंना शोभाताई आत्याबाई म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, कणा माझ्यापेक्षा ताठ.

जेवण झाल्यावर सर अंगणातल्या बाजेवर जरा आडवे झाले. ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उभे राहिले, तेही भिंतीला धरून. मधल्या काळात त्यांनी ओवा, सोडा आणि आत्याबाईंचे टोमणे यांशिवाय काही घेतलं नाही. “पुन्याचं पोट कागदाचं रायते काय?” आत्याबाईंनी मला विचारलं. मी खांदे उडवले. माझ्याच वरिष्ठांबद्दल याहून जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.

म्हणजे शोभाताईंशी बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. मी प्रश्नावली काढली आणि पहिला प्रश्न वाचून दाखवला. तो इतका लांब होता की मलाच मध्ये श्वास घ्यावा लागला.

“मॅडम, ते कागद ठेवा,” शोभाताई म्हणाल्या. “मी सांगतो तसं लिवा.”

इकडे बायकाही ‘मी सांगतो, मी करतो’ म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडलं. मी कागद ठेवला.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर बैल उभे होते. बोटाएवढे, मांजराएवढे, आणि दोन-चार तर वासराएवढे. पांढरे, पिवळे, तांबडे. सगळ्यांची तोंडं दाराकडे, त्यामुळे आत जाताना आपण उशिरा वर्गात शिरतोय असं वाटतं. बायका पाट्यांवर बसून शिंगं, झुली, खूर रंगवत होत्या आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. मी शिरताच गप्प झाल्या. मी कोपऱ्यात बसले. माझी सवय अशी की मी दहा मिनिटं काही बोलले नाही तर लोक मला विसरतात. त्या पाचव्या मिनिटाला विसरल्या आणि सून पुन्हा सुरू झाली.

शोभाताई सांगत होत्या ते असं. दोन वर्षांपूर्वी त्यांची नात आजारी पडली. पोट दुखायचं, खायची नाही, चिडचिड करायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर त्यात शिसं निघालं.

“डॉक्टरनं इचारलं, घरात रंगाचं काम होते काय? म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, घरात रंगाचंच काम होते. पोरगी दिवसभर बैलाचा कान चावत बसे. आमाले वाटे, दात येऊन राहिले.”

नात आता बरी आहे. त्या दिवशी ती शेडच्या दारात बसून एका बैलाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. पण शोभाताईंनी घरी येऊन रंगाचे सगळे डबे बंद करून टाकले आणि अमरावतीहून बिनशिशाचे रंग शोधून आणले. ते महाग. शिवाय जुन्या पिवळ्याची ती झळाळी त्यांच्यात नाही.

“यापारी म्हनते, शोभाबाई, तुमचा बैल कावीळ उतरल्यासारका दिसते. बाजूच्या गल्लीतला पाहा, कसा पिवयाजरद हाय! आता तो पिवया काहाचा हाय हे मले ठाऊक, त्याले ठाऊक. फक्त पोट्ट्याले ठाऊक नाही.” त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला. “दोन पोये काढले असे. यंदा माल पडून राहिला, तं पुढच्या खेपेले मलेबी जुनेच डबे आनावं लागन. आठ घरं हाय यावर.”

मी लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या नव्या नियमात आमी हाव का नाही?”

“नाही,” मी आनंदाने सांगितलं. “तुम्हाला सूट आहे. दहापेक्षा कमी माणसं आहेत ना.”

मला वाटलं होतं, त्या खूश होतील.

“काहून?” शोभाताई म्हणाल्या. “आठ बाया हाय म्हनून बैलातलं शिसं कमी लागते काय पोट्ट्याले? या गल्लीत सगळे आठ, नऊ, सहाच हाय. सगळे सुटले. मंग खरा रंग आननारी मी एकटीच मूर्ख ठरली ना?”

बायकांनी कुंचले खाली ठेवले. सूनसुद्धा थांबली होती. माझ्या पिशवीत भाषण होतं, आणि त्यातला तो माणुसकीचा परिच्छेद मला तोंडपाठ होता.

“तुमच्या सायबाले सांगजा,” त्या म्हणाल्या. “अकोल्याच्या सभेले मीबी येतो. एक बैल नेतो दाखवाले. म्हनाव, आठ बाया करू शकते तं सगळे करू शकते.”

त्यांनी फळीवरून सगळ्यात देखणा बैल उचलला. मांजराएवढा, पांढरा, निळी झूल, शिंगांना सोनेरी टोकं, कपाळावर टिळा. “लावा तुमचं पिस्तूल.”

बायका गोळा झाल्या. मी नाक पाठीवर टेकवलं आणि चाप ओढला. स्वच्छ. झूल स्वच्छ. शिंगं स्वच्छ, शेपूट स्वच्छ, चाकंही स्वच्छ. दर वेळी टाळ्या. एका बाईने बैलाची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. आता राहिलं कपाळ, ते आपलं उगाच, पूर्णतेसाठी. मी कपाळावर नाक टेकवलं.

आकडा असा उडाला की मला वाटलं यंत्रच बिघडलं. मी पडदा स्वतःकडे वळवला आणि पुन्हा चाप ओढला. तेच.

“काय झालं?” शोभाताईंनी विचारलं.

“बॅटरी,” मी म्हणाले.

खोटं बोलायला मला एकच शब्द लागला. खरं बोलायला लागणारे शब्द शोधत मी यंत्र चार्जिंगला लावलं आणि अंगणात जाऊन सरांच्या बाजेजवळ उभी राहिले. सर घोरत होते. तिथे आत्याबाई शेडच्या दाराकडे तोंड करून पायरीवर बसून पूर्ण झालेल्या बैलांना एकेक टिळा लावत होत्या. समोर पितळेची वाटी. वाटीत केशरी, दाट शेंदूर.

मग मला कळलं. तयार झालेला कुठलाही बैल मारुतीच्या शेंदराचा टिळा लावल्याशिवाय या घराबाहेर जात नाही. गल्लीच्या तोंडावर मारुती आहे, त्याला चढवायचा शेंदूर आणताना थोडा या वाटीत येतो. शोभाताईंनी सगळे डबे बदलले होते. वाटी मात्र डब्यांमध्ये कधी मोजलीच गेली नव्हती.

“ये पोरी,” आत्याबाई वर न बघता म्हणाल्या. “बैलाच्या कपायावर लावलं तवा तुहे डोये एवढाले झाले. मले दिसत कमी, पन डोये दिसते. बोल.”

मी बोलले. हळू, आणि चुकत. शेंदूर शिशापासून करतात एवढंच सांगायचं होतं, त्याला मी किती वेळ लावला कोण जाणे. तोवर शोभाताई मागे येऊन उभ्या होत्या.

“पन ते रंग थोडी हाय,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. “ते देवाचं हाय.”

 

आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली. “मंग मारुतीले काहून काही होत नाही? त्याच्या तं अंगभर हाय.”

शोभाताईंनी थोडा विचार केला. “तो बैलाचा कान चावत नाही, आत्याबाई.”

आधी शेडमधली एक बाई हसली, मग सगळ्या. आत्याबाई हसल्या नाहीत. काठी घेऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, “आन तुहं पिस्तूल.” स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डबा उघडला. घरच्या जात्यावर दळलेली हळद होती. मी तपासली. आकडा जागचा हलला नाही. त्यांनी ती पाण्यात कालवली, एका बैलाला टिळा लावला, हात लांब करून पाहिलं.

“तेज नाही,” त्या म्हणाल्या. मग चप्पल घालून बाहेर गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या.

“कुठं गेलते?” शोभाताईंनी विचारलं.

“मारुतीले सांगतलं. यंदापासून टिया हयदीचा.”

“मंग? काय म्हने?”

“काहीच बोलला नाही. म्हंजे हाव.”

उरलेली दुपार आणि दुसरा अख्खा दिवस आम्ही टिळे पुसले. ओल्या फडक्याने, कारण कोरडं घासलं तर धूळ उडते आणि तीच नाकातोंडात जाते. पुसलेल्या कपाळावर पांढऱ्या रंगाचा हात, तो वाळला की हळद. चहाच्या आधी साबणाने हात, हा नियम मी केला, आणि तो मोडणाऱ्यांवर आत्याबाईंनी काठी उगारली. एक बाई हात धुता धुता म्हणाली, “सरकारचा नियम आला नाही, पन इन्स्पेक्टर आली.” बायका आता माझ्यासमोर सुनेबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या, इतकंच नव्हे तर मधूनमधून माझं मतही विचारत होत्या. सुनेची बाजू मला जास्त बरोबर वाटत होती. मी सांगितलं नाही.

अकोला

सर अकोल्यापर्यंत आले. पण अकोटच्या पुढे रस्त्याने त्यांच्या पोटात जे केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी लॉजच्या पलंगावरून त्यांनी भाषणाची घडी माझ्या हातात दिली.

“तूच वाच. जसं लिहिलंय तसं. दोन मिनिटांत संपव आणि खाली बस.”

मी त्यांना शोभाताईंचं म्हणणं सांगायला सुरुवात केली. ते न्हाणीघराकडे धावले. एवढी चर्चा झाली. सर हल्ली माझ्याशी मोजकंच बोलतात, त्याचं मूळ या सकाळीत आहे.

सभागृह सरकारी होतं. पंखे होते तिथे खुर्च्या नव्हत्या आणि खुर्च्या होत्या तिथे पंखे नव्हते. दारात टेबलाशी एक कारकून नावं तपासत होता. शोभाताई माझ्या आधी आल्या होत्या. नवी साडी, पिशवीत बैल.

“तुमचं नाव बोलनाऱ्यात नाही, ताई,” कारकून सांगत होता. “नोंदणी असलेला धंदा, नाहीतर संस्था. तुमची नोंदणी हाय काय?”

“नाही. आमाले सूट हाय.”

“मंग बोलाची काय गरज? सूट तं हायच तुमाले.”

यावर शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

त्यांना मागच्या रांगेत बसवलं. तेवढ्यात शिपायाने पिशवीतला बैल पाहिला, तो सत्काराचा आहे असं ठरवलं, आणि त्या काही म्हणायच्या आत नेऊन अध्यक्षांच्या टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी ठेवला. सभा सुरू झाली. अध्यक्षस्थानी एक सौम्य चेहऱ्याचे अधिकारी होते. चहा आणि आलुबोंडे फिरले. मग एका व्यापारी संघटनेचे प्रमुख बोलायला उठले. लहान कारागिराविषयी त्यांचा कंठ दाटून आला. “तळागाळातला हा माणूस! त्याच्या पाठीवर नियमांचं ओझं नको!” असं म्हणताना ते समोरच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. बैल घडवणाऱ्या घरातली बाई दहा रांगा मागे बसली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. आणखी तिघे बोलले. तिघांनाही सूट हवी होती, आणि तिघांनाही ती दुसऱ्यांसाठी हवी होती. सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक भाषण माझ्या भाषणासारखं होतं. एकाचं तर माझ्याहून बरं होतं.

मग संस्थेचं नाव पुकारलं गेलं.

मी ध्वनिक्षेपकापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. घडी उघडली. पहिलं वाक्य वाचलं, सन्माननीय अध्यक्ष वगैरे. दुसरं वाचलं. तिसरं वाक्य म्हणजे तो परिच्छेद. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. तेवढ्यात ध्वनिक्षेपकाने शिट्टी घातली. मागून कुणीतरी म्हणालं, “पोरगी घाबरली.” ते खरं होतं.

“बोला मॅडम, निवांत बोला,” अध्यक्ष म्हणाले. “पाच मिनिटं आहेत तुमची. आणि नसेल जमत तर एवढंच सांगा, लहान धंद्यांना सूट द्यायला तुमच्या संस्थेचा पाठिंबा आहे ना? म्हणजे तशी नोंद करून पुढे जाऊ.”

लेखनिकाने पेन टेकवलं होतं. ‘आहे’ म्हणायला एकच शब्द लागला असता. घडी मी मिटली.

“नाही,” मी म्हणाले. आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले. “माझी पाच मिनिटं मी परतवाड्याच्या शोभाताईंना देते. त्या मागे बसल्यात.”

सभागृहात माना वळण्याचा आवाज झाला. अध्यक्षांनी शेजारच्या लेखनिकाकडे पाहिलं, लेखनिकाने सभेच्या नोटिशीकडे.

“मॅडम, असा आपला वेळ दुसऱ्याला नाही देता येत.”

ती नोटीस मी पुण्यात, गाडीत, लॉजवर, भीतीपोटी इतक्यांदा वाचली होती की तिच्यातले स्वल्पविराम मला ठाऊक होते.

“तसं नोटिशीत कुठेच लिहिलेलं नाही, साहेब,” मी म्हणाले. “शोभाताई, पुढे या.”